पाहुणे गेले की

डोळे मीट, आणि माझ्याबरोबर एक कल्पना कर. तू वारा आहेस. मोकळ्या मैदानातला नाहीस, समुद्रावरचाही नाहीस. दारंखिडक्या घट्ट लावलेल्या एका घरात कोंडलेला वारा आहेस. बाहेर शारजाचा सप्टेंबर आहे, हवा इतकी दमट की खिडकीच्या काचांना बाहेरून घाम फुटलाय. आत मात्र गार आहे, कारण बोळाच्या छताला एक मोठी जाळी आहे आणि ती तुला सारखी वर ओढून घेते. चल, वर चल. आधी एक धुळकट गाळणी लागेल, तिच्यातून अंग चोरून पलीकडे जा. मग गार नळ्या लागतील, ओल्या, सतत पाझरणाऱ्या; त्यांच्यावरून घसरताना तुझ्यातली उष्णता गळून जाईल आणि तुझ्यातलं पाणीही. त्यानंतर अंधार. छताच्या वर पत्र्याचा लांब चौकोनी बोगदा आहे, आतून मऊ अस्तर लावलेला. त्या अंधारातून सरपटत जाऊन तू एकदम उजेडात पडतोस. खाली एक पलंग आहे, पलंगावर एक मुलगी झोपली आहे, आणि ती तुला आत घेते. नाकानं, तोंडानं, छाती भरून. आता आठवून सांग, येताना वाटेत तू काय काय उचललंस? नाही ना सांगता येत? वाऱ्याला ते कळत नाही. ज्या बाईच्या घरात तो फिरत होता तिलाही ते कितीतरी वर्षं कळलं नव्हतं, आणि ज्या सकाळी कळलं त्या सकाळी ती त्याच जाळीखाली धुपाटणं घेऊन उभी होती.

तिचं नाव अफ्रा. मुलाचं नाव मतर, म्हणून आळीतल्या बायका तिला उम्म मतर म्हणत. निखाऱ्यावर उदाची वडी ठेवायची, धूर नीट धरला की धुपाटणं दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलायचं आणि जाळीखाली धरून उभं राहायचं, हा तिचा रोजचा नेम होता. धूर सरळ वर जायचा, जाळीच्या पट्ट्यांत शिरायचा, आणि थोड्या वेळानं घरातल्या प्रत्येक खोलीत, पडद्यांत, गाद्यांत, कपाटातल्या कपड्यांत ऊद उतरायचा. त्या सकाळी धूर वर गेला आणि वरून काहीतरी खाली आलं. तिच्या मनगटावर पडलं. गार, ओलं, नखाएवढं, काळ्या पिसासारखं. तिनं ते अंगठ्यानं पुसलं तर पुसलं गेलं नाही, पसरलं. सवयीनं तिनं मनगट नाकाशी नेलं. जन्मभर तिनं मनगट असंच नाकाशी नेलं होतं. अत्तर पारखायची ती जागा. आधी तिला स्वतःचाच ऊद आला, साखरेच्या पाकात मुरवलेला, कस्तुरीचा आणि गुलाबाचा. आणि मग त्या वासाच्या पोटातून दुसरा वास वर आला. भिजून पडलेल्या गोणपाटाचा. बरणीच्या तळाशी राहून सडलेल्या खजुराचा. तो वास परका नव्हता, हेच तिला खटकलं. तो रोज यायचा. रोज पहाटे, ऊद घालायच्या आधी, घर नुसतंच घर असायचं तेव्हा. म्हणून तर ती ऊद घालत होती.

वर बघू नये असं तिला वाटलं, आणि तिनं वर बघितलं. पट्ट्या खालून पांढऱ्याशुभ्र होत्या. तिनं तिवई ओढली, भिंतीला धरून वर चढली आणि दोन पट्ट्यांच्या मधून बोट आत घातलं. आत मखमल होती. बोटाला ती इतकी मऊ लागली की क्षणभर तिला लेकीच्या, मैथाच्या, लग्नासाठी घेऊन ठेवलेल्या कापडाचीच आठवण झाली, आणि त्या आठवणीनंच तिच्या अंगावर काटा आला.

"खाला, पडाल."

मागे सून उभी होती, बुदूर; सासूला ती खाला, म्हणजे मावशी, म्हणे. तिच्या हातात वाफेच्या यंत्राची नळी होती; ती धुवायला निघाली असावी. नातीला सकाळची पहिली वाफ देऊन झाली, असा त्याचा अर्थ.

"पट्ट्या पुसतेय," अफ्रा म्हणाली.

"पट्ट्या मी पुसल्यात. बाहेरून. आतलं पुसता येत नाही. ईदच्या आधीपासून सांगतेय मी."

"तू पुष्कळ काही सांगतेस."

"डॉक्टरांनीही विचारलं, घरात ओल आहे का. मी म्हटलं, छे, आमच्या घरात ऊद आहे."

"तुझ्या माहेरी डोंगरात खिडक्या सताड उघड्या टाकायच्या आणि विंचू घरात घ्यायचे. ते चालतं."

"विंचू दिसतो तरी, खाला."

बुदूर निघून गेली. एरवी अफ्रानं तिला असं शेवटचं वाक्य बोलून जाऊ दिलं नसतं. आज ती तिवईवरच उभी राहिली, एक बोट काळं, आणि बोळाच्या टोकाच्या खोलीतून खोकला ऐकू येत राहिला. त्या खोकल्याला ती सरावलेली होती. आधी एक लहानशी शिट्टी, जशी वाळू दाराच्या फटीतून शिरताना वाजते, मग ठसका, मग दुसरा, पहिल्याची वाट न बघता, आणि मग तो थांबल्यावरची शांतता, जिच्यात घरातलं प्रत्येक माणूस आपापल्या जागी हातातलं काम थांबवून ऐकत असतं आणि कुणी कुणाला तसं सांगत नाही. शम्मा, बुदूरची लेक, आठ वर्षांची होती. ती बारीक होती, कारण तिच्या आईकडचे सगळे बारीक होते. तिला नजर लागली होती, कारण ती देखणी होती. ती रात्रीची पंख्याशिवाय झोपत नव्हती, शाळेतून घामेजून येऊन गार पाणी पीत होती. अफ्राकडे पुष्कळ कारणं होती आणि ती सगळी तिनं जपून ठेवली होती, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशांसारखी.

वड्या ती स्वतः करायची. लाकडाचा भुगा, साखरेचा पाक, तेलं, कस्तुरी. मंद आचेवर तासन्‌तास. आळीतल्या बायका तिच्याकडून मागून न्यायच्या, आणि तिनं त्यांना सगळं सांगितलं असलं तरी एक गोष्ट प्रत्येकीला दटावून सांगितली होती: बरणीचं झाकण उघडं टाकू नका. साखर आहे, तेल आहे, ओल शोषून घेते. ओल लागली की वडीला लव फुटते. आधी पांढरी, मग हिरवी, मग काळी. मग ती फेकायचीच. लव आलेली वडी धुऊन नीट होत नाही. हे ती गेली कितीतरी वर्षं लोकांना शिकवत होती. आणि तीच साखर, तेच तेल ती रोज सकाळी दोन्ही हातांनी उचलून एका ओल्या, काळोख्या बरणीत ओतत होती, जिचं झाकण या घरात कुणी कधी उघडलंच नव्हतं. ती तिवईवरून उतरली. हे तिला कुणी समजावून सांगायला हवं होतं असं नाही. हे तिला येत होतं. हे तिचंच काम होतं.

जाळीखाली धुपाटणं धरायची युक्तीही तिचीच. नवरा, ओबैद, नव्या घरात राहायला आणताना म्हणाला होता, आता प्रत्येक खोलीत वेगळं यंत्र नाही, घराला एकच फुप्फुस. सुरुवातीला ती पूर्वीसारखीच खोलीखोलीतून ऊद फिरवत असे. मग एकदा बोळात क्षणभर थांबली आणि धूर आपोआप वर ओढला जाताना तिनं पाहिला. पोरीसारखी धावत ती पलीकडच्या खोलीत गेली, आणि तिथे ऊद तिच्याआधी पोचला होता. किती हसली होती ती! ओबैदला म्हणाली, तुझं यंत्र माझा नोकर झालं. पुढे आळीतल्या निम्म्या घरांत बायका बोळात हात वर करून उभ्या राहायला लागल्या, आणि शिकवलं कुणी, तर उम्म मतरनं. लहानपणी, खजुराच्या झावळ्यांच्या घरात, तिची आई वेताच्या टोपलीवर कपडे पसरून खाली धुपाटणं ठेवायची. धूर कपड्यांना भेटायचा आणि भिंतींतून निघून जायचा. त्या घराला भिंती अशा नव्हत्याच, सगळी भोकं. ऊन यायचं, वाळू यायची, शेजारणीचं भांडण यायचं. आणि वासही यायचे आणि जायचे, कुठलाच राहायला यायचा नाही. आपण त्या भोकांना किती लाजत होतो, तिला वाटलं. पहिल्या बंद घरात पहिला गार झोत तोंडावर आला तेव्हा तिनं सगळ्या खिडक्यांच्या फटींत कापडाच्या चिंध्या कोंबल्या होत्या, थंडाव्याचा एक थेंबही बाहेर जाऊ नये म्हणून.

तिनं मनगट तीनदा साबणानं धुतलं. मग स्वयंपाकघरात गेली. मतर उभ्याउभ्याच नाश्ता करत होता. तो बंदरावर कस्टममध्ये होता आणि त्याला नेहमी उशीर झालेला असे.

"मतर, माणूस बोलाव. आजच."

"कुठला माणूस?"

"छताचा. आतलं अस्तर काढायचं म्हणाला होता ना तो."

मतरनं पावाचा तुकडा खाली ठेवला. "उम्मी, आज संध्याकाळी हलीमा खाला येणार आहेत. हवेचा डक्ट बैठकीवरून गेलाय. बैठकीचं छत फाडल्याशिवाय हात पोचत नाही, असं तो म्हणाला आणि तूच त्याला परत पाठवलंस. आता पाहुण्यांना बसवू कुठे? गाडीत?"

"त्यांना उद्या या म्हणून सांगू."

ती हे बोलली आणि मतरनं तिच्याकडे पाहिलं, आणि तिनं मतरकडे. दोघांनाही कळलं की हे वाक्य फक्त बोलून बघायचं होतं. खिडकीशी मैथा कॉफीचा कप घेऊन उभी होती. मतरची धाकटी बहीण, जिला लग्नासाठी बघायला हलीमा येणार होती. मैथा बँकेत होती, चाळिशीकडे झुकलेली, आणि आपल्याविषयीच्या बोलण्यात ती हल्ली असं हसायची की बोलणाऱ्यालाच चोरट्यासारखं वाटावं.

"मी फोन करते ना," मैथा म्हणाली. "हलीमा खाला, मुलगी तयार आहे पण छत आजारी आहे, पुढच्या वर्षी या. या वयात बायका छतच बघतात हो, तोंड कोण बघतंय."

"पुरे, मैथा."

"मागच्या वेळी वासच बघून गेल्या."

मागच्या वेळी दुसऱ्या एका घरच्या बायका आल्या होत्या, कहवा घेतला होता, हसल्या होत्या, आणि पुन्हा त्यांचा फोन आला नव्हता. नंतर कुणाच्या तरी तोंडून फिरत फिरत आलं की उम्म मतरच्या बैठकीत कसला तरी ओला वास होता. उम्म मतरच्या! त्या दिवसापासून अफ्रा एका वडीच्या जागी दोन ठेवू लागली होती.

"पाहुणे गेले की बघू," मतर म्हणाला आणि हात धुतले. "गेले की लगेच. शपथ."

ईदलाही हेच ठरलं होतं. ईदची माणसं गेली की. मग शेजारीण हजहून आली, तिला भेटायला येणाऱ्यांची बैठक यांच्याकडेच झाली. त्या बायका गेल्या की. मधे एकदा मतरनं दुसऱ्याच कुणाला तरी आणलं होतं, जो छत न फोडता काम करतो म्हणून सांगायचा. त्यानं जाळीतून गुलाबाच्या वासाचं औषध फवारलं आणि काही दिवस घराला लग्नाच्या भाड्याच्या हॉलचा वास आला. मग ती पहाटेची ओल परत आली, गुलाबासकट. आणि बैठकीचं छत, त्याला हात लावायचा म्हटलं तरी अफ्रा आडवी यायची. पांढऱ्या पीओपीची फुलं, त्यांच्या कडांना सोनेरी रेघ. ओबैदनं ते शेवटच्या वर्षी करून घेतलं होतं, खुर्चीत बसून, कारागिरांना काठीनं दाखवत. शम्माची खोली तेव्हा त्याची होती. शेवटी तो तिथेच झोपायचा, तिथेच खोकायचा. चिलमीनं गेला ओबैद. हे ठरलेलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, मतर म्हणाला होता, तिनं स्वतः चिलीम उचलून टाकीमागे लपवली होती आणि तो लहान मुलासारखा ती शोधत घरभर फिरला होता. चिलीम बंद झाली तरी खोकला राहिला, तेव्हा ती म्हणाली होती, आता उशीर झाला. आणि त्याच्या छातीला बरं वाटावं म्हणून रोज संध्याकाळी त्याच्या उशाशी ऊद घालायची. तो काही म्हणायचा नाही. एकदा फक्त म्हणाला होता, अफ्रा, जरा खिडकी उघड. आणि ती म्हणाली होती, वेडा का, बाहेर आग लागलीय. तिनं हा विचार तिथेच अडवला. दार लावून घेतलं. पण या घरातल्या दारांचा आता भरवसा राहिला नव्हता. कुठल्याही खोलीतलं कुठल्याही खोलीत वरच्या वाटेनं जात होतं.

दुपारी ती शम्माजवळ जाऊन बसली. यंत्राचा मुखवटा माशाच्या तोंडासारखा होता आणि मुलगी त्यातून वाफ घेत आजीकडे मोठ्या डोळ्यांनी बघत होती. वाफ संपल्यावर तिनं मासा काढून मांडीवर ठेवला.

"यद्दो," ती आजीला यद्दो म्हणायची, "तुझ्या नखात काळं काय आहे?"

"काजळ."

"नखात लावतात?"

"म्हाताऱ्या बायका लावतात."

शम्मानं यावर थोडा विचार केला. "आई म्हणते छतात बुरशी आहे. बुरशीला डोळे असतात?"

"नाही."

"मग तिला माझी खोली कशी सापडली?"

अफ्रानं तिच्या कपाळावरचे केस मागे केले. कपाळ ओलं होतं. या मुलीच्या प्रश्नांना तिनं आजवर कधी टाळलं नव्हतं. इतर आज्या गप्प बस म्हणायच्या तिथे ती सांगत बसायची, शिंपल्यात मोती कसा धरतो, खजुराला नर आणि मादी कशी असते. मुलीला काहीही एकदा सांगितलं की ती विसरायची नाही, हे अफ्राचं मोठं कौतुक होतं. आता तिनं फक्त म्हटलं, "वाऱ्याबरोबर गेली असेल. तिला घालवून देऊ आपण. छत उघडायचं, आतलं सगळं काढून फेकायचं. मग तू खोकणार नाहीस."

"कधी?"

"पाहुणे गेले की."

"पाहुणे कधी जातात?"

"ऊद फिरवला की. विसरलीस?"

शम्मा विसरली नव्हती. ईदला आजीनंच तिला शिकवलं होतं, रिकामं धुपाटणं हातात देऊन. उजवीकडून सुरू करायचं. आधी सगळ्यात मोठ्या बाईपुढे धरायचं. ती शेल्याचं टोक उचलेल, धूर घेईल, मग पुढची. आणि हे शेवटी, नेहमी शेवटी. कहवा झाला, फळं झाली, बोलणं संपलं, की. ऊद पुढे आला की पाहुण्यानं समजायचं, आता उठायचं. जा असं म्हणायची वेळच येत नाही, बघ किती छान रीत आहे, असं अफ्रा म्हणाली होती.

"आज मी फिरवू?"

"आज नाही. आज तू इथेच राहायचंस, दार लावून. मैथा आत्याचं महत्त्वाचं काम आहे. आणि शम्मा, खोकू नकोस हं."

"आला तर?"

"उशीत तोंड घाल."

मुलीनं मान हलवली, एखादा धडा पाठ करून घ्यावा तशी. अफ्रा उठली, दार ओढून घेतलं, आणि बोळात उभी राहून स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. असं वाक्य माझ्या तोंडून आलं, असं काही तिच्या मनात आलं नाही. तिच्या मनात आलं की बुदूरनं ते ऐकलं नसावं.

पाहुण्यांसाठी मतरनं सकाळपासूनच गार हवेचं यंत्र फार थंड करून ठेवलं होतं. उन्हं उतरली तेव्हा बैठकीच्या जाळ्यांच्या कडांना पाण्याचे थेंब लोंबत होते आणि वास उठला होता. आता तो पहाटेच्या वेळचा चोरटा वास राहिला नव्हता. गालिचा, उशा, चांदीची कहव्याची किटली, सगळं जागच्या जागी होतं आणि त्या सगळ्यावर ओलं गोणपाट पसरलं होतं. मैथा केस विंचरून आत आली, दारातच थांबली, नाकपुड्या किंचित हलल्या. या वेळी तिनं चेष्टा केली नाही. आईकडे बघून तिनं नुसते डोळे खाली घातले, आणि अफ्राला ती अगदी लहान दिसली, बोट धरून शाळेत सोडलं होतं तेवढी. अफ्रा बोळात गेली. वड्यांचा डबा उघडला. तिला सगळं माहीत होतं. सकाळी तिला माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं. आता तेही म्हणता येणार नव्हतं. एकच संध्याकाळ, तिनं स्वतःला सांगितलं. आजवरच्या सगळ्या संध्याकाळींत ही एक कुठे मोजायची. एका मुलीचा श्वास या बाजूला आणि एका मुलीचं आयुष्य त्या बाजूला, आणि श्वास उद्याही घेता येतो, असा हिशेब तिनं केला, आणि तो हिशेब चुकला आहे हे ती करत असतानाच तिला दिसत होतं. तिनं निखाऱ्यांवर वड्या ठेवल्या, मूठभर. हात भरून येतील म्हणून तिवई जाळीखाली सरकवली आणि धुपाटणं तिच्यावर ठेवून दिलं, शम्माच्या दाराशी. दाराखालच्या फटीत टॉवेल गुंडाळून लावला. जणू धूर दारातून जाणार होता.

हलीमा आली ती दोन बहिणींना घेऊन. भारदस्त बाई, हळू बोलणारी, प्रत्येक शब्द आधी तोलून मग खाली ठेवणारी.

"उम्म मतर, गाडीतून उतरले आणि म्हटलं, पत्ता विचारायला नको. वासानंच आणलं."

"तुमच्याच घरी आलात."

"आम्ही कितीही केलं तरी असं जमत नाही हो. आमच्या घरात ऊद घातला की नुसता धूर होतो."

सगळ्या हसल्या. मैथानं कहवा ओतला. बुदूर खजुरांचं ताट घेऊन फिरली. धाकटी बहीण वर बघत म्हणाली, "काय सुरेख छत आहे!" अफ्रानं ओबैदचं नाव घेतलं, सगळ्यांनी त्याच्यासाठी दोन शब्द म्हटले. सगळं नीट चाललं होतं. आणि मग छतानं खोकलं. तसंच वाटलं. सोनेरी रेघेच्या फुलांमधल्या जाळीतून आधी ती लहानशी शिट्टी आली, मग ठसका, मग दुसरा, इतका जवळ की धाकट्या बहिणीनं दचकून खांद्यामागे पाहिलं.

"कोण खोकतंय?" हलीमानं विचारलं.

"शेजारची मुलगी," अफ्रा म्हणाली. "भिंतीला भिंत आहे ना."

बुदूरच्या हातातलं ताट जागच्या जागी थांबलं. अफ्रानं तिच्याकडे पाहिलं नाही. जाळीतून आणखी एक ठसका आला, अर्धा, आणि मधेच कापल्यासारखा बंद झाला. नंतर काहीच नाही. अफ्राला उशी दिसली. उशीत घातलेलं तोंड दिसलं. खोकला नसलेली ती शांतता सगळ्या खोकल्यांपेक्षा मोठी होती, आणि ती आता उठणार होती, खरोखर उठणार होती, गुडघ्यावर हात टेकला होता, तेवढ्यात हलीमानं कहव्याची वाटी खाली ठेवली, शेला सारखा केला आणि म्हणाली, "तर मग, उम्म मतर, ज्यासाठी आलो ते बोलू." अफ्रानं गुडघ्यावरचा हात काढला.

बैठकीचं दार उघडलं. दारात शम्मा होती. घरातल्या झग्यात, केस घामानं कपाळाला चिकटलेले, दोन्ही हातांत बोळातलं धुपाटणं. त्यातून अजून दाट धूर येत होता आणि तिनं गाल फुगवून ओठ गच्च मिटले होते, पाण्यात बुडी मारताना मिटतात तसे. तिनं खोलीवरून एकदा नजर फिरवली, सगळ्यात मोठी बाई कोण ते ठरवलं, उजवीकडून निघाली आणि हलीमापुढे जाऊन धुपाटणं वर धरलं.

कहवा एकदाच फिरला होता. फळं अजून आत होती. ज्यासाठी आले तो शब्द कुणी उच्चारलाही नव्हता. "इतक्यात?" धाकटी बहीण पुटपुटली. हलीमानं धुपाटण्याकडे पाहिलं, मग अफ्राकडे.

"लहान आहे ती," अफ्रा म्हणाली, "तिला कळत नाही..."

"कुणाची?" हलीमानं अगदी शांतपणे विचारलं. "शेजारची?"

मुलगी दोघींच्या मधे उभी होती, डोळ्यांत धुरानं पाणी, तरी श्वास सोडत नव्हती. उत्तराची वाट बघून झाल्यावर हलीमानं शेल्याचं टोक उचललं, रीतीपुरता धूर घेतला, आणि उठली. ती उठली म्हणून बहिणी उठल्या. शम्मानं दोघींपुढेही धुपाटणं धरलं, कुणालाही न वगळता. दारापाशी निरोपाचे शब्द झाले, नेहमीचेच, नेहमीपेक्षा भरभर. मैथा किटली हातात घेऊन जागेवरच उभी होती.

गाडी निघाल्याचा आवाज आला. शम्मानं धुपाटणं उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवलं, संध्याकाळच्या दमट हवेत उभं राहून फुगवलेले गाल सोडले आणि दाराला धरून खोकली, मनसोक्त, कुणी थांबवेपर्यंत थांबायचं नाही अशी. बुदूर धावत तिच्याजवळ गेली. पण मुलगी आईच्या हाताखालून निसटून आत आली, बैठक ओलांडून बोळात गेली आणि तिवई दोन्ही हातांनी ओढत, गालिचा चुरगाळत, बैठकीत घेऊन आली. सोनेरी फुलांमधल्या जाळीच्या बरोबर खाली तिनं ती ठेवली, हलत नाही ना ते पाहिलं.

"पाहुणे गेले, यद्दो," ती म्हणाली, आणि आजीला चढता यावं म्हणून तिवईचे पाय घट्ट धरून खाली बसली.